अमेरिकी अणुवीज केंद्रांतील उपकरणांचा व सॉफ्टवेअरचा दोष कसा कळवावा : ‘भाग २१’ची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने

२४ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात दाबनियंत्रकावरचा (अणुभट्टीतील पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीवरचा) एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, उघडला आणि उघडाच अडकून राहिला. दाबनियंत्रकातील पाण्याची पातळी चढताना पाहून चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा पुरवठा कमी केला. प्रत्यक्षात अणुभट्टीतले पाणी त्याच व्हॉल्व्हमधून बाहेर जात होते. अणुभट्टी त्या वेळी अल्प शक्तीवर चालू होती आणि प्रकार वेळेत लक्षात आला, म्हणून निभावले. अणुभट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतील अभियंत्यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९७८ मध्ये अंतर्गत टिपणे लिहून, याच बनावटीच्या इतर केंद्रांना सावध करावे असे सुचवले. ती सूचना केंद्रांपर्यंत गेली नाही. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड केंद्राच्या २ क्रमांकाच्या अणुभट्टीत जवळपास तसाच घटनाक्रम घडला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

दोष कळवण्याच्या नियमाचे प्रयोजन या दोन तारखांमधल्या अंतरात आहे. ज्या केंद्रात दोष सापडला तिथे तो दुरुस्त होतोच. अहवाल लिहायचा असतो तो, तोच भाग किंवा तोच प्रोग्राम बसवलेल्या आणि आपल्याला माहीतही नसलेल्या दुसऱ्या केंद्रासाठी. प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर हे ध्यानात ठेवले, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

हा लेख अमेरिकेतील नियमापुरता मर्यादित आहे. १९७४ च्या ऊर्जा पुनर्रचना कायद्याच्या कलम २०६ वर आधारलेला आणि १९७७ मध्ये जारी झालेला हा नियम अमेरिकी संघराज्य नियमावलीच्या शीर्षक १० मधील ‘भाग २१’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याची अंमलबजावणी अमेरिकेचा अणु नियामक आयोग करतो. भारतातील केंद्रांना तो लागू नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या असल्या, तरी त्यांचे नियमन मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या स्वतंत्र पद्धतीने करते. मात्र अमेरिकेतील केंद्रांत काम करणाऱ्या किंवा पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी ग्राहकांसाठी व्हॉल्व्हची रेखाटने, ताणविश्लेषण वा नियंत्रणप्रणालीची चाचणी करणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या टेबलावर हा नियम खरेदी आदेशातील एका ओळीच्या रूपाने येऊन पडतो. ती ओळ वाचून पुढे काय करायचे, ते येथे सांगितले आहे.

आपले काम नियमाच्या कक्षेत येते का, हे आधी ठरवा

भाग २१ केंद्रातील प्रत्येक वस्तूला लागू होत नाही. तो ‘मूलभूत घटकां’ना लागू होतो. अणुभट्टीच्या शीतकाची दाबसीमा (गाभा थंड ठेवणारे पाणी दाबाखाली धरून ठेवणारे नळ व पात्रे) अखंड राखणे, अणुभट्टी बंद करून ती सुरक्षित स्थितीत ठेवणे, आणि केंद्राबाहेर किरणोत्सर्ग पोहोचू शकेल असा अपघात टाळणे किंवा त्याचे परिणाम आटोक्यात ठेवणे, या तीन कामांपैकी एकासाठी जो भाग आवश्यक आहे, तो मूलभूत घटक होय. घटकाशी निगडित रचना, विश्लेषण, तपासणी आणि चाचणी या सेवाही याच व्याख्येत येतात. त्यामुळे ज्याने कधी पाना हातात धरला नाही, फक्त नळांवरील ताण संगणकावर काढून दिला, तोही या नियमाच्या कक्षेत असू शकतो.

व्यवहारात पहिली तपासणी खरेदी आदेशाची करावी. मूलभूत घटक मागवणाऱ्याने आदेशात भाग २१ लागू असल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे. आदेश मुख्य कंपनीच्या नावावर असेल आणि काम उपकार्यालयाकडे आले असेल, तर मूळ आदेशातील ती अट आपल्या कामाच्या कागदांपर्यंत पोहोचली आहे का, हे व्यवस्थापकाला लेखी विचारून घ्यावे.

बाजारात सर्वांसाठी विकला जाणारा माल केंद्राने घेतला आणि विशिष्ट तपासण्या करून सुरक्षा-कार्यासाठी स्वीकारला, तर त्या स्वीकृतीनंतर तो मूलभूत घटक ठरतो. अशा वेळी विचलने, म्हणजे तांत्रिक अटींपासून झालेली फारकत, ओळखण्याची आणि दोष कळवण्याची जबाबदारी स्वीकृतीची प्रक्रिया करणाऱ्या संस्थेवर असते, मूळ उत्पादकावर नाही. ही बाब अनेकांच्या ध्यानात राहत नाही. मूळ उत्पादकाला आपला रिले (विद्युत संकेताने चालणारा स्विच) अणुवीज केंद्रात बसला आहे, हे ठाऊकही नसते. तो उद्या भाग क्रमांक तोच ठेवून आतला मायक्रोकंट्रोलर बदलू शकतो.

पुरावा जपा आणि त्याच दिवशी लिहा

नियमातील सर्वांत महत्त्वाची तारीख म्हणजे ‘शोध’ लागल्याची तारीख. सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा विचलनाचे अस्तित्व पहिल्यांदा दाखवणारी नोंद ज्या दिवशी पूर्ण होते, त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. मूळ कारण सापडले पाहिजे, प्रयोगशाळेचा अहवाल आला पाहिजे किंवा वरिष्ठांना पटले पाहिजे, अशी कोणतीही अट त्यात नाही. नोंद लांबवून घड्याळ लांबवता येते असा समज कुठे असेल, तर तो मोडून काढणे हे गुणवत्ता विभागाचे काम आहे, कारण निरीक्षक चाचणीपत्रके, ईमेल आणि भांडारातील परतीच्या पावत्या पाहून खरी तारीख काढतात.

विचलन म्हणजे खरेदी कागदपत्रांतील तांत्रिक अटींपासून झालेली फारकत. म्हणून नोंदीत अट आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. एक काल्पनिक नोंद पाहू. “टाइमर रिले चालला नाही. बदलला. पुन्हा चाचणी केली, ठीक आहे.” या नोंदीवरून कोणालाही काहीही करता येणार नाही. तीच नोंद अशी लिहिता येते : “डिझेल जनित्राच्या मासिक चाचणीत भारक्रमातील टाइमर रिले १० सेकंदांनी बंद व्हायला हवा होता, तो १४ सेकंदांनी झाला, खरेदी आदेशातील सहनसीमा अर्धा सेकंद आहे. रिले न उघडता, त्यातील सेटिंग न बदलता काढून स्थिरविद्युतरोधक पिशवीत सीलबंद ठेवला आहे. लेबलवरील भाग क्रमांक, अनुक्रमांक, उत्पादनाचा तारीख-कोड आणि फर्मवेअरची आवृत्ती छायाचित्रासह जोडली आहे. त्याच खरेदीतील आणखी सहा रिले आहेत. चार बसवलेले, दोन भांडारात.” दुसऱ्या नोंदीला दहा मिनिटे जास्त लागतात, पण पुढच्या साठ दिवसांचे काम तिच्यावर उभे राहते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत पुरावा यापेक्षा लवकर नष्ट होतो. नियंत्रक थिजला की त्याचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करायचा, हा हाताला लागलेला पहिला उपाय असतो आणि त्यात घटनाक्रमाची स्मृती पुसली जाते. केंद्राची स्थिती सुरक्षित आहे याची खात्री झाली असेल आणि कार्यपद्धतीत तशी मुभा असेल, तर आधी दोषस्थितीचे संकेत, लॉग, त्या क्षणीचे निविष्ट संकेत, नेटवर्कवरील वाहतूक आणि चालू आवृत्ती जतन करावी, मगच यंत्रणा पुन्हा सुरू करावी. पुन्हा सुरू केल्यावर दोष दिसेनासा झाला, म्हणून नोंद बंद करू नये. ‘पुन्हा घडवून दाखवता आले नाही’ हा चाचणीचा निष्कर्ष झाला. दोष नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

सॉफ्टवेअरमधील दोष ओळखताना

येथे थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण यंत्रभागाची झीज डोळ्यांना दिसते, सॉफ्टवेअरमधला दोष मात्र पहिल्या दिवसापासून सगळीकडे सारखाच हजर असतो. एकाच आवृत्तीचा प्रोग्राम दोन स्वतंत्र सुरक्षा-मालिकांत (एक बिघडली तर दुसरीने तेच काम करावे अशा जोडव्यवस्थांत) बसवला असेल, तर त्या मालिका त्या दोषापुरत्या स्वतंत्र राहत नाहीत.

फ्लोरिडातील टर्की पॉइंट केंद्रात नोव्हेंबर १९९४ मध्ये आणीबाणीचे पंप ठरावीक क्रमाने सुरू करणारी प्रोग्रामाधारित यंत्रणा एका सुरक्षा-संकेताला प्रतिसाद देईना. ही यंत्रणा ठरावीक टप्प्यांत स्वतःची चाचणी घेत असे, आणि त्यातील काही टप्पे चालू असताना खरा संकेत आला, तर तो दाबला जाईल असा दोष तिच्या तर्करचनेत राहून गेला होता. पडताळणीच्या टप्प्यातून तो निसटला होता. म्हणजे यंत्रणा निरोगी आहे की नाही हे पाहण्यासाठी घातलेला भागच तिला अडवत होता. स्वयं-चाचणी, देखभाल-स्थिती आणि संपर्क तुटल्यानंतरची स्थिती या तीन अवस्थांत खरा संकेत आला तर काय होते, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक मूल्यमापनात विचारावा.

त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बीव्हर व्हॅली केंद्रात जुन्या विद्युत-यांत्रिक टाइमरच्या जागी आलेले मायक्रोप्रोसेसर असलेले टाइमर रिले जवळच्या कॉइलमुळे निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्यांनी बिघडले आणि डिझेल जनित्रावर भार चढवण्याचा क्रम अडला. बदली भाग आकाराने आणि कामाने मूळ भागासारखाच असला, तरी त्याची मोडण्याची रीत वेगळी असते. एखाद्या साध्या दिसणाऱ्या रिले, मीटर किंवा पंपाच्या चालक-यंत्रणेत प्रोसेसर दडलेला आहे का, हे माल स्वीकारतानाच विचारले पाहिजे.

विश्लेषणासाठी वापरलेल्या संगणकीय प्रोग्रामचा दोष तर केंद्रात कुठेच दिसत नाही. १३ मार्च १९७९ रोजी नियामक आयोगाने बीव्हर व्हॅली, फिट्झपॅट्रिक, मेन यँकी आणि सरी येथील दोन, अशा पाच अणुभट्ट्या बंद ठेवण्याचा आदेश दिला. नळांवरील भूकंपभार काढणाऱ्या एका प्रोग्राममध्ये प्रतिसादांची बेरीज अधिक-उणे चिन्हांसह केली जात होती. विरुद्ध चिन्हांची मूल्ये परस्परांना रद्द करत आणि ताण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसे. पाचही ठिकाणचे नळ बाहेरून पाहता उत्तम होते. आपण लिहिलेल्या किंवा वापरलेल्या गणनापत्रकात चूक सापडली, तर ‘उत्तरात फारसा फरक पडत नाही’ असे मनाशी ठरवून नवी आवृत्ती गुपचूप सोडणे म्हणूनच अक्षम्य आहे. त्या आवृत्तीने कोणकोणत्या केंद्रांची गणिते केली, याची यादी काढणे हा पहिला उपाय होय.

साठ दिवसांतील मूल्यमापन

शोधाच्या तारखेपासून ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण करायचे असते. प्रश्न एकच असतो : या विचलनामुळे मोठा सुरक्षा-धोका निर्माण होऊ शकतो का? मोठा धोका म्हणजे सुरक्षा-कार्य इतके गमावणे की लोकांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला मिळणाऱ्या संरक्षणात मोठी घट व्हावी. ‘होऊ शकतो का’ यातील शक्यता महत्त्वाची आहे. आमच्याकडे काही घडले नाही, रिले चाचणीतच सापडला, दुसरी मालिका उपलब्ध होती, ही उत्तरे या प्रश्नाची नाहीत. विशेषतः दुसऱ्या मालिकेत तोच भाग असेल, तर तिचा आधार घेऊन धोका नाकारता येत नाही.

दोष ठरण्यासाठी घटक खरेदीदाराला सुपूर्द झालेला असावा लागतो. कारखान्यातच अडवलेला नग नियमाच्या अर्थाने दोषी ठरत नाही, तो कारखान्याच्या गुणवत्ता-व्यवस्थेत सोडवता येतो. मात्र त्याच साच्यातून, त्याच भट्टीतून किंवा त्याच आवृत्तीतून आधी काय काय रवाना झाले, हे पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नये.

मूल्यमापन ६० दिवसांत संपणार नसेल, तर त्याच ६० दिवसांच्या आत आयोगाला लेखी अंतरिम अहवाल द्यावा लागतो. त्यात कोणते विचलन तपासले जात आहे आणि मूल्यमापन केव्हा पूर्ण होईल, हे लिहायचे असते. अंतरिम अहवाल देणे ही कमीपणाची गोष्ट नाही. चुकीचा ‘धोका नाही’ असा निष्कर्ष घाईने काढण्यापेक्षा प्रामाणिक अंतरिम अहवाल कितीतरी चांगला.

पुरवठादाराला मूल्यमापन करण्याची क्षमताच नसेल, हेही सर्रास घडते, कारण आपला व्हॉल्व्ह केंद्रातील कोणत्या नळावर बसला आहे हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी तसा निष्कर्ष झाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत त्याने सर्व संबंधित खरेदीदारांना विचलनाची माहिती द्यायची असते, म्हणजे ते स्वतः मूल्यमापन करू शकतील. या पत्रात ‘आपल्या पातळीवर योग्य ती कार्यवाही करावी’ असे मोघम वाक्य लिहून हात झटकू नयेत. किती नग, कोणते अनुक्रमांक, कोणत्या परिस्थितीत बिघाड दिसला आणि तो कसा ओळखावा, हे त्यात हवे.

पाच, दोन आणि तीस

मूल्यमापनातून दोष निश्चित झाला की कामाच्या पाच दिवसांच्या आत आपल्या कंपनीच्या संचालकाला किंवा जबाबदार अधिकाऱ्याला कळवावे लागते. त्याला माहिती मिळाल्यापासून दोन दिवसांत आयोगाच्या संचालन केंद्राला प्राथमिक सूचना, आणि त्याच क्षणापासून तीस दिवसांत लेखी अहवाल द्यायचा असतो. दोन्ही मुदती अधिकाऱ्याला कळल्याच्या तारखेपासून मोजायच्या. दुसरी पहिलीच्या शेवटापासून सुरू होत नाही.

शोध १ मार्चला लागला, तर मूल्यमापनाची किंवा अंतरिम अहवालाची मुदत ३० एप्रिलला संपते. मूल्यमापन आधीच संपून संचालकाला २७ एप्रिलला कळवले, तर प्राथमिक सूचना २९ एप्रिलपर्यंत आणि लेखी अहवाल २७ मेपर्यंत जायला हवा. या तारखा नोंद उघडतानाच तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. प्राथमिक सूचनेसाठी नियमात फॅक्सला प्राधान्य दिलेले आहे आणि तो पोहोचला याची दूरध्वनीने खात्री करण्यास सांगितले आहे. पाठवण्याआधी चालू नियमपाठ पाहून घ्यावा.

आयोगाला हा दोष लेखी कळवला गेला आहे याची संचालकाला प्रत्यक्ष माहिती असेल, तर पुन्हा कळवण्याची सक्ती नाही. ‘कोणीतरी कळवले असेलच’ ही अशी माहिती नव्हे. त्या पत्राची प्रत फाइलमध्ये हवी. केंद्र चालवणाऱ्या परवानाधारकाने तीच बाब त्याच नियमावलीच्या भाग ५० (अणुभट्ट्यांच्या परवान्यांचे नियम) मधील तातडीच्या सूचना आणि घटना-अहवालाच्या नियमांनुसार कळवली असेल, तर त्याचे भाग २१ चे कर्तव्य त्यातून पूर्ण होते.

लेखी अहवालातील मजकूर

अहवालात कळवणाऱ्याचे नाव व पत्ता, संबंधित केंद्र किंवा घटक, पुरवठादार, दोषाचे स्वरूप व त्यातून उद्भवणारा धोका, माहिती मिळाल्याची तारीख, असे घटक कुठे व किती आहेत, कोणती दुरुस्ती कोण आणि किती काळात करणार, आणि खरेदीदारांना दिलेला सल्ला, एवढे असावे लागते. यातील ‘कुठे व किती’ हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका तोच कच्चा राहतो. ‘काही ग्राहकांना पुरवठा केला’ असे लिहिलेला अहवाल वाचून कोणत्या केंद्राने आपले भांडार तपासावे, हे कोणालाच कळत नाही. सॉफ्टवेअर असेल तर आवृत्ती, बिल्डचा क्रमांक, ती चालते ती यंत्रणा आणि दोष प्रकट होण्यासाठी लागणारी निविष्ट मूल्ये लिहावीत.

हे अहवाल आयोगाकडून सर्वांसाठी खुले होतात. व्यावसायिक गुपित असेल तर तो भाग वेगळा काढून, शपथपत्रासह तो गोपनीय ठेवण्याची विनंती करण्याची सोय आहे. दोषाचा उपयोग करून कोणी बाहेरून यंत्रणेत शिरू शकेल अशी शंका असेल, तर ती बाब खुल्या अहवालात लिहिण्याआधी केंद्राच्या सायबर सुरक्षा विभागाकडे न्यावी. तिचे नियम आणि मुदती निराळ्या आहेत.

आतला मार्ग अडला तर

कायद्याने थेट आयोगाला कळवण्याचे बंधन संचालकावर आणि जबाबदार अधिकाऱ्यावर आहे, आणि जाणूनबुजून न कळवल्यास त्या व्यक्तीवरच दिवाणी दंड बसू शकतो. तंत्रज्ञाचे काम म्हणजे नोंद करणे आणि ती पुढे पाठवणे. पण नोंद मागे घ्यायला सांगितले गेले, शब्द मवाळ करायला सांगितले गेले, तर तो स्वतः आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यासाठी कलम २०६, भाग २१ आणि कार्यपद्धती, किंवा निदान कलम २०६ आणि कोणाकडे कळवायचे त्याचे नाव असलेली सूचना, कामाच्या जागी लावलेली असावी लागते. तक्रार केली म्हणून नोकरीत त्रास दिला गेल्यास अमेरिकेच्या कामगार विभागाकडे १८० दिवसांत दाद मागता येते. भारतात बसून उपकार्यालयासाठी काम करणाऱ्याला हे शेवटचे संरक्षण तितक्याच सहजपणे मिळेल असे गृहीत धरू नये. त्याने आपली नोंद मुख्य कंपनीच्या गुणवत्ता-प्रणालीत, क्रमांक आणि तारखेसह, स्वतः उघडावी आणि केवळ तोंडी सांगून थांबू नये.

कागद किती काळ ठेवायचे

मूल्यमापनाची कागदपत्रे, ‘धोका नाही’ असा निष्कर्ष निघालेलीसुद्धा, मूल्यमापनाच्या तारखेपासून किमान पाच वर्षे जपावी लागतात. खरेदीदारांना पाठवलेल्या सूचनाही पाच वर्षे ठेवायच्या. मूलभूत घटक कोणाला विकले, ही नोंद मात्र पुरवठादाराने सुपूर्दगीनंतर दहा वर्षे ठेवायची असते, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याने तिच्यात कोणत्या ग्राहकाकडे कोणती आवृत्ती गेली आणि तिची कोणती सुधारणा कधी बसवली, हेही लिहावे. कंपनीची विक्री होताना, विभाग बंद होताना किंवा जुना सर्व्हर काढून टाकताना हीच यादी आधी हरवते, म्हणून तिची छापील प्रत गुणवत्ता विभागाच्या ताब्यात वेगळी ठेवावी.